चोर सोडून संन्याशाला फाशी: नकली एफटी२३२आरएलचं प्रकरण

ऑक्टोबर २०१४ मध्ये, २२ तारखेच्या आसपास, इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करणाऱ्यांच्या तक्रारी एकाएकी वाढल्या. सगळ्यांचं म्हणणं जवळजवळ एकच होतं: कालपर्यंत नीट चालणारी यूएसबी-ते-सिरीयल केबल आज मेली. संगणकाला लावली की कॉम पोर्ट, म्हणजे त्या केबलीशी बोलायचं संगणकातलं दारच, उमटत नाही. पोर्ट बदलून पाहिला, ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा संगणकातला प्रोग्रॅम, काढून पुन्हा टाकला, तरी तेच. केबल दुसऱ्या संगणकाला लावली, तर तिथेही ती ओळखली जाईना. हे शेवटचं लक्षण सगळ्यात चक्रावणारं होतं. ड्रायव्हरमधला दोष त्या-त्या संगणकापुरता असतो, केबलबरोबर फिरत नाही. इथे मात्र बिघाड केबलमध्येच जाऊन बसला होता.

ज्यांनी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, खोलात जाऊन पाहिलं, त्यांना एक आकडा खटकला. प्रत्येक यूएसबी उपकरण संगणकाला स्वतःची ओळख दोन क्रमांकांनी सांगतं: व्हीआयडी, म्हणजे बनवणारी कंपनी कोणती, आणि पीआयडी, म्हणजे तिचं उत्पादन कोणतं. या केबलींची ओळख आदल्या दिवशीपर्यंत ०४०३ आणि ६००१ अशी होती. आता पहिला क्रमांक तोच होता, दुसऱ्याच्या जागी ०००० आलं होतं. अशी ओळख सांगणाऱ्या उपकरणासाठी कोणत्याच संगणकाकडे ड्रायव्हर नव्हता, त्यामुळे कुणीच त्याला दारात उभं करत नव्हतं.

०४०३ हा क्रमांक फ्यूचर टेक्नॉलॉजी डिव्हाइसेस इंटरनॅशनल, म्हणजे एफटीडीआय या ग्लासगोच्या कंपनीचा. ०००० लिहिणारा ड्रायव्हरही तिचाच होता. तो विंडोज अपडेटमधून आपोआप उतरला होता आणि त्याचं लक्ष्य होतं अशा केबलींच्या आत बसणाऱ्या, कंपनीच्या एफटी२३२आरएल चिपच्या नकली प्रती. या प्रकरणात एफटीडीआय हीच फसवली गेलेली कंपनी होती, हे पुढचं सगळं वाचताना ध्यानात ठेवायला हवं. नकली मालावर तिने घेतलेला आक्षेप शंभर टक्के रास्त होता. चुकलं ते त्यानंतरचं पाऊल.

चिप आणि तिची नक्कल

एफटी२३२आरएल ही २८ पायांची छोटी चिप. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला जुनी, साधी सिरीयल जोडणी. मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे एका चिपमध्ये मावणाऱ्या छोट्या संगणकात, प्रोग्रॅम भरायचा असो, यंत्राच्या नियंत्रकाशी बोलायचं असो किंवा मोजमापाच्या उपकरणातून नोंदी काढायच्या असोत, मध्ये अशी एक चिप लागतेच. कामाचा ठेका देणारा ऑसिलेटर आणि सेटिंग साठवणारी ईईप्रॉम ही मेमरी हे दोन्ही हिच्या आतच असल्यामुळे बाहेर फार भाग लावावे लागत नाहीत. आर्डुइनो या छंदिष्टांच्या लोकप्रिय सर्किट-बोर्डाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर हीच चिप होती. पण तिची खरी ताकद ड्रायव्हरमध्ये होती. कोणत्याही संगणकाला लावा, ती चालायची. हा विश्वास कंपनीने वर्षानुवर्षं ड्रायव्हर लिहून, तपासून, मायक्रोसॉफ्टकडून प्रमाणित करून घेऊन कमावला होता, आणि त्या सगळ्याचा खर्च चिपच्या किमतीतूनच निघत होता.

नकली माल बनवणाऱ्याला हा खर्च नसतो. तो चिप बनवतो आणि ड्रायव्हर दुसऱ्याचा वापरतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये, म्हणजे हे प्रकरण पेटण्याच्या काही महिने आधी, झेप्टोबार्स या गटाने एक अस्सल आणि एक नकली एफटी२३२आरएल घेतली, आम्लाने वरचं कवच विरघळवलं आणि आतल्या सिलिकॉनची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रं काढली. दोन्हींच्या आतल्या रचनेचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. नकलीच्या आत एक सर्वसाधारण मायक्रोकंट्रोलर निघाला. त्याच्या कायमच्या मेमरीत असा प्रोग्रॅम कोरलेला होता, की बाहेरून पाहणाऱ्याला तो एफटी२३२आरएलच वाटावा. सिलिकॉनवर ‘सुपरिअल’ हे नाव आणि ‘एसआर११०७’ अशी खूण होती. कवचावर मात्र एफटीडीआयचं चिन्ह छापलेलं.

नकली भाग म्हटलं की कारखान्यातून चोरलेला, नापास होऊन फेकलेला किंवा जुन्या बोर्डावरून उपटून पुन्हा रंगवलेला माल डोळ्यासमोर येतो. तसा मालही बाजारात भरपूर आहे. हा त्यातला नव्हता. ही नवी, स्वतंत्रपणे आखलेली, बऱ्यापैकी हुशारीने बनवलेली चिप होती. तिच्या निर्मात्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या व्हीआयडीसह आणि स्वतःच्या ड्रायव्हरसह ती विकली असती, तर कुणालाच आक्षेप घेता आला नसता. सीएच३४० ही चिप नेमकं तेच करते: काम तेच, पण नाव, ओळख आणि ड्रायव्हर स्वतःचे. गुन्हा तेच काम करणारी चिप बनवण्यात नव्हता, दुसऱ्याचं नाव छापून ती विकण्यात होता. आणि हे नाव पडताळण्याचं साधन विकत घेणाऱ्याकडे नव्हतं.

०००० लिहिलं कसं

हा भाग थोडा बारकाईने पाहू, कारण कंपनीचा हेतू यातच उघड होतो.

चिपच्या आतल्या ईईप्रॉममध्ये १०२४ बिट असतात, म्हणजे १६ बिटांच्या ६४ खणांची रांग. त्यातल्या क्रमांक २ च्या खणात पीआयडी असतो. शेवटच्या, ६३ क्रमांकाच्या खणात सगळ्या खणांचा ताळा असतो. चालू होताना चिप ताळा जुळवून पाहते, आणि तो जुळला नाही तर आतली सेटिंग बाजूला ठेवून मूळच्या ठरावीक ओळखीने उठते.

अस्सल चिपमध्ये ही मेमरी प्रत्यक्षात ३२-३२ बिटांनी लिहिली जाते. सम क्रमांकाच्या खणात काही लिहायला सांगितलं, तर चिप ते नुसतं हातात धरून थांबते. त्यापुढच्या विषम खणाचं लिखाण आलं की दोन्ही मिळून मेमरीत उतरतात. विषम खणाचं लिखाण आलंच नाही, तर काहीच बदलत नाही. नकली चिप बनवणाऱ्याने हा बारकावा उचलला नव्हता. त्याच्या चिपमध्ये प्रत्येक खण सांगितल्याक्षणी लिहिला जात होता.

नव्या ड्रायव्हरने नेमकी हीच फट धरली. तो फक्त सम खणांत लिहायचा. खण २ मध्ये शून्य. मग खण ६२ मध्ये असा एक आकडा, जो हिशेब करून काढलेला होता, म्हणजे पीआयडी शून्य झाल्यावरही ६३ मधला ताळा बरोबर जुळावा. अस्सल चिपवर याचा काहीच परिणाम होत नव्हता. नकली चिपवर मात्र पीआयडी शून्य होऊन कायम राहायचा, आणि ताळा जुळत असल्यामुळे चिप मूळच्या ओळखीकडे परतायचीही नाही.

खण ६२ मधला तो आकडा पाहिला की चुकून झालं, चाचणीत निसटलं, असल्या सबबींना जागा उरत नाही. उपकरण पुन्हा उठू नये याची सोय कुणीतरी बसून केलेली होती. ड्रायव्हर उलगडून वाचणाऱ्या प्रोग्रॅमरांनी काही दिवसांतच हे सगळं जगासमोर मांडलं.

अभियंता म्हणून मला त्या कल्पनेतली चलाखी दिसते. तीच चलाखी मला सगळ्यात जास्त खुपते. त्या रचनेत नकली ओळखणं आणि नकलीला मारणं ही दोन वेगळी पावलं नव्हतीच, एकाच लिखाणात दोन्ही उरकत होतं. त्यामुळे मध्ये थांबून वापरणाऱ्याला दोन शब्द सांगण्याची जागाच ठेवलेली नव्हती. पडद्यावर सूचना नाही, कुठे नोंद नाही. कंपनीच्या परवान्यात एक वाक्य होतं: अस्सल नसलेल्या भागावर हा ड्रायव्हर वापरल्यास तो भाग कायमचा बिघडू शकतो. पण विंडोज अपडेटमधून आपोआप आलेल्या ड्रायव्हरचा परवाना वाचायला मिळतो कुणाला? ज्याने कधी होकारच दिला नाही, त्याच्यावर करार लादल्यासारखंच ते होतं.

मधली माणसं

एक नकली चिप किती हातांतून जाते ते पाहा. कुठेतरी ती बनते आणि तिच्यावर दुसऱ्याचं नाव छापलं जातं. दलाल ती रिळांवर गुंडाळलेल्या मालात मिसळतो. केबल किंवा बोर्ड जोडून देणारा कारखाना दलालाकडून ती घेतो, कधी जाणूनबुजून, कधी अजाणतेपणी. तिथून माल ऑनलाइन बाजारपेठेत येतो. तिथला विक्रेता शीर्षकात ‘अस्सल एफटी२३२आरएल’ लिहितो आणि चिपचं छायाचित्र भलत्याच ठिकाणाहून उचलून लावतो. शेवटी ती कुणाच्या तरी टेबलावर येते. बनवणारा, दलाल, कारखाना, विक्रेता आणि बाजारपेठ या पाच जणांचे पैसे तोवर मिळून चुकलेले असतात. ड्रायव्हर चालतो सहाव्या माणसाच्या संगणकावर. कंपनीचा हात फक्त त्याच्यापर्यंत पोहोचत होता, म्हणून फटका त्यालाच बसला.

ऑनलाइन बाजारपेठेची रचनाच अशी आहे की तिथे नकली भाग सहज मिसळून जातो. परीक्षणात लोक लिहितात: वेळेवर मिळालं, चालतंय. ते खरंच चालत असतं. नकली एफटी२३२आरएल पहिल्या दिवशी चालते, महिनाभर चालते, बहुतेकांच्या साध्या कामात वर्षानुवर्षं चालते. त्या पाच ताऱ्यांत खोटं काही नसतं, पण ते चिप अस्सल असल्याचा पुरावा नसतात. दोष उघड होतो तो मोठी फाइल वेगाने पाठवताना किंवा दोन केबली एकाच संगणकाला लावल्यावर. तोवर परत करायची मुदत उलटून गेलेली असते. त्यात काही ठिकाणी वेगवेगळ्या विक्रेत्यांचा ‘एकच’ माल गोदामात एकत्र ठेवला जातो. अशा वेळी ग्राहक प्रामाणिक विक्रेता निवडतो आणि पाकीट मात्र दुसऱ्याच्याच मालातलं येतं.

हा धोका छंद म्हणून काम करणाऱ्यांपुरता नाही. २०१२ मध्ये अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने एक काल्पनिक कंपनी उभी करून इंटरनेटवरच्या खरेदी-मंचांवरून लष्करी दर्जाचे १६ इलेक्ट्रॉनिक भाग मागवल्याचा अहवाल दिला. त्यातला एकही वैध निघाला नाही. त्यातले ४ क्रमांक तर मुळात कुठल्याच भागाचे नव्हते, तपासणाऱ्यांनी मनाने रचलेले होते. तरीही विक्रेत्यांनी त्या क्रमांकांचे भाग ‘पाठवले’. ग्राहक जे मागेल ते नाव मालावर छापून मिळतं, याचा याहून स्पष्ट पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

एफटीडीआय प्रकरणात फसलेला आणखी एक वर्ग होता: छोटे उत्पादक. त्यांनी रीतसर पैसे मोजून बोर्ड जोडून घेतले आणि स्वतःच्या नावाने ग्राहकांना दिले. नकली चिप त्यांच्याही नकळत आत शिरली असेल. ड्रायव्हर उतरल्यावर ग्राहकाच्या लेखी बिघडलं ते त्या छोट्या उत्पादकाचं उपकरण. ग्राहकाला ना दलाल माहीत, ना चिप.

माघार, आणि दुसरा प्रयत्न

गदारोळ झाल्यावर २४ ऑक्टोबर २०१४ रोजी कंपनीचे प्रमुख फ्रेड डार्ट यांनी निवेदन काढलं. तो ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून काढून घेतल्याचं त्यांनी सांगितलं. नकली मालाविरुद्धची भूमिका कायम राहील, पण पुढच्या ड्रायव्हरमुळे वापरणाऱ्याच्या उपकरणाला थेट इजा होणार नाही, अशी ग्वाही दिली. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, पुढे ०४०३-०००० या ओळखीची भर घालण्यात आली, म्हणजे ‘मारलेल्या’ चिपही तिथे पुन्हा चालू लागल्या.

२०१६ च्या सुरुवातीला दुसरा प्रयत्न झाला. या वेळी ड्रायव्हर चिपमध्ये काही लिहीत नव्हता. नकली चिप आढळली की खऱ्या डेटाच्या जागी तो ‘नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड’ हे इंग्रजी वाक्य सिरीयल जोडणीतून सोडायचा, म्हणजे हे उपकरण अस्सल नाही, असं. अनेकांना हा मार्ग सौम्य वाटला. उपकरण वाचतं आणि माणसाला कारणही कळतं, हे खरं आहे. तरी माझं मत वेगळं आहे. सिरीयल जोडणीच्या टोकाला नेहमी पडदा वाचणारा माणूस नसतो. तिथे मोटरचा नियंत्रक असू शकतो, झडप उघडणारं यंत्र असू शकतं, एका अक्षराला एक आज्ञा मानणारा जुना मीटर असू शकतो. आज्ञेच्या जागी एखादं इंग्रजी वाक्य आलं, तर त्यातल्या कोणत्या अक्षराचा तो काय अर्थ घेईल, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला माहीत असणं शक्यच नाही. माहितीच्या वाटेत न मागितलेली अक्षरं घुसवणं हीसुद्धा दुसऱ्याच्या यंत्रातली ढवळाढवळच.

मग कंपनीने करायचं तरी काय, हा प्रश्न योग्य आहे. तिच्या नावाचा शिक्का मारून माल विकला जात होता. तो बिघडला की मदतीचे फोन तिलाच येत होते. आपला ड्रायव्हर कोणत्या चिपला सेवा देईल, हे ठरवायचा तिला पूर्ण अधिकार आहे. नकली आढळल्यावर ड्रायव्हरने चालू व्हायचं नाकारावं आणि पडद्यावर स्पष्ट सांगावं: ही चिप आमची नाही, ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडे जा. मुदतीत ही सूचना मिळाली असती, तर हजारो ग्राहकांनी माल परत पाठवला असता आणि पैशाचा दाब विक्रेत्यावर, तिथून दलालावर गेला असता. पीएल२३०३ या चिपची निर्माती प्रोलिफिक कंपनी नकार देण्यापर्यंत गेली होती. तिचा तेव्हाचा नवा ड्रायव्हर नकली चिपवर चालूच होत नव्हता, ‘कोड १०’ ही त्रुटी यायची. पण त्या नकारात कारण सांगितलेलं नव्हतं. शिवाय कंपनीने स्वतःच बंद केलेल्या जुन्या अस्सल चिपही त्यात अडकल्या. म्हणजे तो धडा अर्धाच गिरवला गेला.

एफटीडीआयचं यात व्यापारी नुकसानही झालं. नकली चिप वापरणारे तर तिचे ग्राहक नव्हतेच. पण प्रामाणिक डिझायनरांनी जाहीरपणे विचारायला सुरुवात केली: आमच्या पुरवठ्यात एखादं नकली रीळ शिरलं आणि उद्या पुन्हा असा ड्रायव्हर आला, तर आमची उपकरणं ग्राहकाच्या हातात मरतील, मग ही चिप निवडायचीच कशाला? अनेक जण यूएसबी आतच असलेल्या मायक्रोकंट्रोलरकडे किंवा दुसऱ्या कंपनीच्या चिपकडे वळले. अस्सल माल विकत घेणाऱ्याच्याच मनात धास्ती बसली.

हातात अशी केबल असेल तर

०००० झालेली चिप बहुतेक वेळा परत आणता येते. विंडोजवर २०१४ च्या ऑगस्टआधीचा जुना ड्रायव्हर घ्यावा लागतो, त्याच्या आयएनएफ फाइलमध्ये, म्हणजे तो कोणत्या उपकरणांसाठी आहे त्या यादीत, ०००० ही ओळख घालावी लागते आणि मग कंपनीच्याच एफटी-प्रॉग या साधनाने पीआयडी पुन्हा ६००१ करता येतो. लिनक्सवर हेच काम एफटी२३२आर-प्रॉग नावाचं छोटं साधन एका ओळीच्या आज्ञेत करतं. पण त्यानंतर विंडोजला त्या उपकरणाचा ड्रायव्हर आपोआप बदलू द्यायचा नाही. नाहीतर पुन्हा काय उतरेल याचा नेम नाही.

नवी खेप तपासायची असेल, तर कवचावरच्या अक्षरांवर विसंबू नये. खोटी छपाई आता खूप सुधारली आहे. त्यापेक्षा एकाच खेपेतल्या चार-पाच केबली एकामागोमाग लावून त्यांचे अनुक्रमांक वाचावेत. अस्सल चिपला कारखान्यातूनच स्वतंत्र क्रमांक मिळतो. सगळ्यांवर एकच क्रमांक निघाला, तर पुढे काही तपासायची गरज उरत नाही. क्रमांक वेगळे निघाले, तर पाठवायची आणि घ्यायची तार एकमेकींना जोडून एक मोठी फाइल वरच्या वेगाने फिरवावी आणि गेलेलं व आलेलं ताडून पाहावं. अस्सल चिप सेकंदाला ३० लाख बिटांपर्यंतच्या वेगासाठी बनवलेली आहे. नकलीतल्या काही त्या वेगाच्या बऱ्याच आधी अडखळतात, काही मध्येच गप्प होतात. आणि सगळ्यात खात्रीची परीक्षा तीच, जी कंपनीने शिक्षा म्हणून वापरली. ईईप्रॉमची प्रत आधी काढून ठेवावी, रिकाम्या जागेतल्या एखाद्या सम खणात एकच आकडा लिहावा आणि तो परत वाचावा. बदल टिकला, तर चिप नकली. तोच खण पुन्हा पूर्ववत करून केबल विक्रेत्याकडे परत पाठवता येते, मुदतीच्या आत आणि पुराव्यासकट.

उत्पादनासाठी चिप घेणाऱ्याने मात्र ही कसरत करत बसू नये. चिप बनवणारी कंपनी आपल्या अधिकृत वितरकांची यादी प्रसिद्ध करते, आणि खरेदी त्या यादीतूनच करावी. बोर्ड जोडून देणाऱ्या कारखान्याशी करार करतानाही चिपच्या खरेदीची पावती मागावी. पावती दाखवायला कां-कूं करणाऱ्याकडून पहिली खेपसुद्धा घेऊ नये.